फुकटाचं डिझेल

रुपराव ठवकरला चार लोकांसमोर कोणी शाबास म्हटलं की त्याचं काही खरं नसे. अंगावर मूठभर मांस चढायचं, मान ताठ व्हायची आणि पुढचा अर्धा तास हा माणूस मिशीवरचा हात खाली घ्यायचा नाही. दारूला तो कधी शिवला नाही, खर्रा खाल्ला नाही, पत्ते कुटले नाहीत. व्यसन म्हणाल तर एवढं एकच होतं, आणि त्याच्यापायी त्यानं जे केलं ते सांगताना सांगणाऱ्यालाही मान खाली घालावी लागते.

सत्तावीस वर्षं त्यानं हिंगण्याच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराची बस चालवली. सकाळी पावणेसहाला निघायचं, जयताळ्यापासून थांब्याथांब्यावर पहिल्या पाळीची माणसं उचलायची आणि साडेसहाच्या भोंग्याआधी कारखान्याच्या फाटकात नेऊन सोडायची. ठेकेदाराकडे अशा सात गाड्या होत्या. ठेकेदार हुशार माणूस. दर जानेवारीत तो अंगणात मंडप टाकायचा आणि वर्षभर ज्यानं सगळ्यात कमी डिझेल जाळलं त्या ड्रायव्हरला शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र द्यायचा. सलग सहा वर्षं ते रुपरावानं घेतलं. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "याच्या पायाखाली अंडं ठेवा, फुटाचं नाही." हे वाक्य तो घरी येऊन बायकोला, शेजाऱ्यांना आणि पोरीला, असं वेगवेगळं तीनदा सांगायचा.

पाय हलका होता हे खरंच. पण त्या सहा शालींमागे नुसता पाय नव्हता. कारखान्याच्या अलीकडे दीड किलोमीटरचा एक उतार होता. खाली वळण आणि वळणाला लागून नाल्यावरचा अरुंद पूल. उतार लागला की रुपरावाचा डावा हात गेअरच्या दांड्यावर जायचा आणि गाडी न्यूट्रल व्हायची. मग उजवा हात चावीवर जायचा आणि इंजिनच बंद. बस आपल्या वजनावर गडगडत खाली यायची. पुलाच्या तोंडाशी पुन्हा चावी, पुन्हा गेअर. मागे बसलेली अर्धी माणसं डुलक्या घेत असायची, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. रुपराव मनात म्हणायचा, फुकटाचं डिझेल!

हे करायचं नसतं हे ड्रायव्हरकीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. बसचा ब्रेक हवेवर चालतो. हवा भरतं ते इंजिन. इंजिन बंद केलं तर टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक चार-पाच वेळा लागतो, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. रुपरावाला हे पाठ होतं. पण सहा वर्षांत काही झालं नव्हतं, आणि जानेवारी जवळ येत होता.

दोन हजार अकरा साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, त्या उतारावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. रुपरावानं ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला. बकऱ्या गेल्या. वळण आलं तेव्हा त्यानं पुन्हा पाय दाबला आणि काहीच झालं नाही. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंगही जड झालं होतं. त्यानं अंगातला सगळा जोर लावून बस पुलाच्या कठड्यावर घातली, म्हणून ती नाल्यात गेली नाही. छत्तीस माणसं होती, बहुतेकांना खरचटलं तेवढंच. पण पुढच्या सीटवर धोंडबा नावाचा कामगार बसला होता. त्याचा उजवा पाय पत्र्यात अडकला आणि पुढे नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तो गुडघ्याखालून काढावा लागला.

आणि आता ते ऐका, जे रुपरावानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बस आदळली, मागे माणसं ओरडायला लागली, धोंडबा तर आईच्या नावानं हंबरडा फोडत होता. अशा वेळी माणूस मागे वळून पाहतो की नाही? रुपरावानं नाही पाहिलं. त्याचा हात आधी चावीवर गेला. त्यानं चावी चालू केली, गेअर टाकला, आणि मग मागे वळून "अरे देवा, काय झालं गा!" म्हणून ओरडला.

ठेकेदाराचा माणूस गॅरेजातल्या कवडूला घेऊन आला, पोलीस आले. विचारलं, काय झालं? रुपराव म्हणाला, "ब्रेक लागला नाही." खोटं तरी कुठं होतं? ब्रेक लागला नव्हताच. त्या तीन शब्दांच्या मागे पुढे काही बोलला नाही एवढंच. सगळ्यांनी मान वळवून कवडूकडे पाहिलं.

कवडू झाडे ठेकेदाराच्या गॅरेजात मेकॅनिक होता. दोनच दिवसांपूर्वी त्यानं त्या बसचे ब्रेक खोलून पुन्हा बसवले होते. रुपराव आणि तो एकाच गल्लीत राहायचे, एकाच वर्षी कामाला लागले होते, एकाच मांडवात दोघांची लग्नं लागली होती. कवडूचा हात इतका नेमका की दुसऱ्यानं कसलेला नट तो नुसता बोटानं चाचपून सांगायचा, अजून अर्धा आटा बाकी आहे म्हणून. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी नट कसला होता, साहेब." पुन्हा विचारलं. "कसला असन." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो आपल्या हातांकडे पाहायला लागला, आणि त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

बस तर गॅस कटरनं कापून भंगारात गेली. कोणी काही तपासलं नाही. कवडूनं मात्र स्वतःला रोज तपासलं. संध्याकाळी ओट्यावर बसला की रुपरावाला म्हणायचा, "तिसरा नट राहिला असन गा ढिला. थ्या दिवशी वच्छलाचा फोन आला होता कामाच्या मधात. तिथंच ध्यान गेलं असन." वच्छला ही त्याची बायको. रुपराव म्हणायचा, "जाऊ दे ना आता." काय दिलदार मित्र! कवडूनं पुन्हा पाना हातात धरला नाही. गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात तो गाठी उचलायला लागला. स्वतःच्या सायकलचा ब्रेक ढिला झाला तरी कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन कसून घ्यायचा, का तर आपल्या हाताचा भरवसा नाही.

दर पोळ्याला तो धोंडबाच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडायचा. एकाच पायाच्या. आणि त्याला तिथे आपल्या स्कूटरवर घेऊन कोण जायचं? रुपराव. धोंडबाची बायको दोघांनाही पुरणपोळी वाढायची. कवडूशी ती बेतानं बोलायची. रुपरावाला मात्र आग्रह करायची, "घ्या ना भाऊ. तुम्ही गाडी कठड्यावर घातली म्हणून बाकीचे वाचले." रुपराव ताटात बघत तो घास गिळायचा. अपघातानंतरच्या जानेवारीत कामगारांनी वर्गणी काढून त्याचा सत्कारही केला, प्रसंगावधान दाखवल्याबद्दल. पहिल्यांदाच कोणी शाल घालताना त्याला वाटलं की जमीन फाटावी. नको म्हणायची हिंमतही झाली नाही. नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर त्यानं उतारावर कधी न्यूट्रल केलं नाही. डिझेलचं बक्षीस पुन्हा मिळालं नाही. लोक म्हणाले, बिचाऱ्यानं धसका घेतला. असं करत करत तो रिटायर झाला.

पोरगी रितिका आणि जावई सौरव यांनी धरमपेठेत दुसऱ्या मजल्यावर गेम पार्लर काढलं होतं. गाड्यांच्या शर्यतीचे गेम. तीन खऱ्यासारख्या सीटा, प्रत्येकीपुढे स्टिअरिंग, खाली पेडल, डाव्या हाताला गेअरचा दांडा आणि समोर भला मोठा पडदा. रुपराव दुपारचा काउंटरवर बसायचा. पोरं यायची, किंचाळायची, गाड्या आपटायची. याच्या कपाळाला आठी. सत्तावीस वर्षं ज्यानं खरी बस चालवली त्याला हे कसं पटावं?

यंदा एप्रिलमध्ये सौरवनं नवा गेम टाकला. पहिल्या दिवशी रुपराव काउंटरवरून उठून पडद्याजवळ आला.

"जावईबापू, आवाज बंद पडला वाटते. गाडी तं पळून राहिली, पण इंजिनचा आवाजच नाही."

"इंजिनच नाही तं आवाज कुठून येईन, मामाजी? इलेक्ट्रिक गाड्या आहेत ह्या."

"मंग गेअर केव्हा टाकाचा ते कसं समजते?"

"गेअरही नाही. थो दांडा पेट्रोलच्या गाड्यांसाठी आहे. ह्या गेममध्ये त्याले हलवा नाही तं नका हलवू, काही फरक पडत नाही." सौरव हसला. "खरी गंमत वेगळी आहे. एका चार्जमध्ये दहा फेऱ्या मारायच्या. डोंगरातला रस्ता आहे. जोरात पळवली की बॅटरी उतरते. सकाळपासून एकाचीही गाडी आठव्या फेरीच्या पुढे गेली नाही."

"म्हणजे डिझेल बचत," रुपराव म्हणाला.

"तसंच म्हणा. अन उतारावर पाय उचलला ना, तं बॅटरी उलटी भरते."

"भरते? उतारावर?" रुपरावाला ते खरंच वाटेना. त्यानं दोनदा विचारलं.

दुपारी तीनची वेळ, बाहेर त्रेचाळीस अंश ऊन, पार्लरमध्ये कूलरच्या आवाजाशिवाय कोणी नाही. रुपराव सीटवर बसला. पहिल्यांदा गाडी कठड्याला घासली, दुसऱ्यांदा उलटी फिरली. तिसऱ्या दिवशी त्याला पाय सापडला. पेडलवर पाय नुसता टेकवायचा, चढ दिसायच्या आधी वेग घ्यायचा, वळणाच्या अलीकडेच पाय उचलून गाडीला तिच्या मनानं येऊ द्यायचं. आठवडाभरात त्यानं दहा फेऱ्या पूर्ण केल्या आणि बॅटरी चार टक्के उरवली. सौरवनं पडद्याचा फोटो काढला. मागे उभी असलेली पोरं ओरडली, "आजोबा, एक नंबर!"

झालं. चौदा वर्षांनी पुन्हा कोणी त्याच्या चालवण्याला शाबास म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून पार्लरमध्ये आला. रितिकानं दारावर फलक लावला, 'आजोबांना हरवून दाखवा'. लांबलांबची कॉलेजची पोरं यायला लागली आणि हरून जायला लागली. एक गोष्ट मात्र रुपरावाच्या स्वतःच्या लक्षात आली नव्हती. उतार आला की त्याचा डावा हात त्या निकामी दांड्यावर जाऊन त्याला मधे आणून ठेवायचा, आणि उजवा हात स्टिअरिंगच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, दोन बोटांनी चावी फिरवायचा. खऱ्या बसमध्ये अपघातानंतर रिटायर होईपर्यंत त्यानं तो हात दाबून ठेवला होता. इथे मागे कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून हात मोकळा सुटला.

मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला स्पर्धा ठेवली. रितिकानं बाबांचा मान म्हणून गल्लीतल्या ओळखीच्या लोकांनाही बोलावलं. कवडूकाकांना तर तिनं स्वतः फोन केला. रुपराव म्हणाला, "त्याले कशाले त्रास देते? त्याले गाड्या पाहायले आवडत नाही आता." ती म्हणाली, "तुमचे मित्र आहेत ना ते, बाबा? येतील." सकाळी रुपरावानं दारातून गर्दीवर नजर फिरवली. कवडू दिसला नाही. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, पण तेवढ्यात कोणीतरी आजोबा आजोबा करत सेल्फी काढायला आलं.

शेवटच्या शर्यतीत तिघं उरले. गौरांग म्हणून एक इंजिनीअरिंगचा मुलगा, भैरवी नावाची बारावीतली मुलगी, जी या खेळात नागपुरात पहिली समजली जायची, आणि त्रेसष्ट वर्षांचा रुपराव. सौरवनं भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता, आणि रुपरावाच्या सीटवर एक मोबाइल टांगला होता, म्हणजे आजोबांचे हातपाय कसे चालतात ते टीव्हीच्या कोपऱ्यात सगळ्यांना दिसावं.

पहिल्याच उतारावर हात दांड्यावर गेला. पोरं हसली. दुसऱ्या फेरीत हसू वाढलं. "आजोबा, इलेक्ट्रिकले गेअर नसते!" कोणीतरी ओरडलं. रुपरावाला वाटलं, आपल्या चालवण्यावर खूश होऊन राहिले. आठव्या फेरीत गौरांगची गाडी चढावर विझली. शेवटच्या फेरीत भैरवी पुढे होती, पण अखेरचं वळण यायच्या आत तिचा पडदा लाल झाला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. रुपराव तिच्या बाजूनं सायकलच्या वेगानं गेला. एक टक्का उरला होता.

काय तो गोंधळ! शिट्ट्या, टाळ्या. रितिकानं बापाच्या आवडीचं म्हणून मुद्दाम शाल आणि नारळ आणून ठेवलं होतं. ते तिनं त्याला सगळ्यांसमोर दिलं. रुपरावाची छाती दिसेल इतकी फुगली. भैरवीनं मोठ्या मनानं येऊन त्याच्या पायाला हात लावला आणि सौरवच्या हातातला माइक घेऊन विचारलं, "आजोबा, एक सांगा ना. उतारावर तुम्ही हातानं असं असं काहून करता?"

तिनं करून दाखवलं. आधी डावा हात, मग दोन बोटांची चावी. लोक पुन्हा हसले. आणि रुपरावाची जीभ सैल सुटली.

"अरे, हे न्यूट्रल! अन हे चावी बंद!" तो माइक तोंडाशी धरून म्हणाला. "डिझेलच्या बसचं गुपित आहे हे, बेटा. उतार म्हणजे फुकटाचं डिझेल. सहा वर्ष सतत नंबर काढला मी, तो काय उगाच? हिंगण्याच्या उतारावर रोज इंजिन बंद. रोज! एक दिवस खाडा नाही केला."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असतानाच त्याला मागच्या भिंतीशी कवडू दिसला. हातात पिशवी, डोक्याला दुपट्टा. तो टाळ्या वाजवत नव्हता. रुपरावानं माइक तोंडापासून खाली घेतला. माइक त्यानं कोणाच्या हातात दिला तेही त्याला कळलं नाही. लोक अजून येऊन हात मिळवत होते.

कवडू बाहेरच्या जिन्यात गेला. रुपराव त्याच्यामागे गेला. का गेला? पळून जायला जिना एकच होता म्हणूनही असेल. शाल खांद्यावर, नारळ हातात, तसाच. पोरगी "बाबा, फोटो!" म्हणत दारापर्यंत आली आणि दोघांचे चेहरे पाहून तिथेच थांबली.

"एक दिवस खाडा नाही म्हणाला तू," कवडू म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पोळ्याच्या आदल्या दिवशीही?"

रुपरावाच्या तोंडात 'नाही' तयार होतं. चौदा वर्षं ते तयारच होतं. थ्या दिवशी नाही गा, थ्या दिवशी गाडी गेअरमध्ये होती. कवडूनं ते मानलंही असतं, त्याचं काही बोलणं तो कधी खोटं धरतच नव्हता. नेमकं त्याचंच रुपरावाला इतकं शरमिंदं वाटलं की त्याला ते म्हणता आलं नाही.

"हाव," तो म्हणाला.

"पण पोलीस आले तवा चावी चालू होती. मी सोता पाहिली होती."

"मी फिरवली. आपटल्यावर." रुपराव जिन्याच्या पायरीकडे बघत म्हणाला. "धोंडबा ओरडून राहिला होता, अन मी आधी चावी फिरवली."

आता मारेल, असं त्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं. दारात पोरगी उभी आहे याचंही त्याला काही वाटेनासं झालं. पण कवडू पायरीवर बसला. पिशवी बाजूला ठेवली. मग त्यानं दोन्ही हात समोर धरले आणि हवेतच पाना फिरवल्यासारखे फिरवले, एकदा, दोनदा.

"म्हणजे हवा उतरली होती," तो म्हणाला. "हवा उतरली होती गा! नट कसला होता मी."

"कसला होता."

"तिसराही?"

"सारेच कसले होते, कवडू. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

कवडू हसायला लागला. चौदा वर्षांत रुपरावानं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "मले आठवत होतं ना," तो म्हणत होता, "शेवटचा आटा दोन्ही हातानं दिला होता. वच्छलाचा फोन त्याच्या मांगून आला होता. मांगून! मले वाटे, मी मनाची समजूत घालून राहिलो." शिवी नाही, ओरडणं नाही. त्याच्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. रुपराव नारळ हातात धरून उभा होता आणि ज्याचं आयुष्य त्यानं वाया घालवलं तो माणूस त्याच्यासमोर आनंदानं रडत होता.

"धोंडबाले सांगा लागते," कवडू डोळे पुसत म्हणाला. "तू सांग. पण आधी वच्छलाले."

त्यानं तिथेच फोन लावला. "वच्छला, ऐक वं. मी नट कसला होता... अवं, थ्या बसचा! कसला होता मी... नाही वं, पेलो नाही. थांब, रुपराव आहे इथं. त्याच्याच तोंडून ऐक." आणि त्यानं फोन रुपरावाच्या हातात दिला.

"भाऊजी," वच्छलाचा घाबरलेला आवाज आला, "यायले काय झालं? असे काहून हसून राहिले? ऊन लागलं काय? तुम्ही जवळ आहा म्हणून बरं आहे. एकटं सोडू नका बाप्पा यायले."

"वहिनी," रुपराव पुटपुटला. माइकवर कसा खणखणीत बोलला होता! "वहिनी, थ्या दिवशी इंजिन मी बंद केलं होतं. उतारावर. डिझेल वाचवाले. म्हणून ब्रेक लागला नाही. कवडूचं काम बरोबर होतं."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"हे तुम्हाले तेव्हापासून मालूम होतं?"

"हाव."

"अन दर पोळ्याले तुम्हीच यायले माफी मागाले नेत होते?"

रुपरावानं नुसती मान हलवली. फोनवर ती कोणाला दिसते?

"यायले घरी पाठवून द्या," वच्छला शेवटी म्हणाली. "तुम्ही येऊ नका." फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" कवडूनं विचारलं. तो उठून उभा राहिला होता, पिशवी काखेत मारून.

"घरी बोलावलं तुले."

"चाल मंग, काढ गाडी." कवडू सवयीनं बोलून गेला आणि दोन पायऱ्या उतरलासुद्धा.

"मले नको म्हणाली ते," रुपरावानं जसंच्या तसं सांगितलं.

कवडू थांबला. त्यानं वर पाहिलं. इतका वेळ त्याला नुसता तो नटच दिसत होता. आता तो पहिल्यांदा रुपरावाकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून जात होतं. मग तो भिंतीला हात लावत एकेक पायरी खाली उतरत गेला. रुपराव वरच उभा राहिला. पाठीमागे पोरगी उभी होती, आणि तिच्याकडे वळायचं त्याला धैर्य होत नव्हतं.